बाळंतिणीला कुणी विचारलं?

गेल्या वर्षी आमची मुलगी बाळंतपणासाठी पुण्याहून नांदेडला आली. सातवा महिना सरत आला होता. बरोबर कपड्यांची बॅग, औषधांचा डबा आणि दवाखान्याच्या कागदांची एक जाड फाईल. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे फाईल दिसली की उघडून बघायची माझी खोड अजून गेलेली नाही. तिला विचारून मी ती चाळत बसलो. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, सगळं तारखेवार लावलेलं. त्यात एक अर्धवट भरलेला कागद होता. त्यावरचे प्रश्न मला जरा नवलाचे वाटले. यापूर्वी कधी फार उदास वाटून औषध घ्यावं लागलं होतं का? घरात मदतीला कोण आहे? नवऱ्याशी मोकळेपणानं बोलता येतं का? आणि शेवटी, आई किंवा बहिणीला बाळंतपणानंतर मनाचा काही त्रास झाला होता का?

या शेवटच्या प्रश्नापुढची जागा रिकामी होती.

"ते आईला विचारायचं राहिलंय बाबा," मुलगी म्हणाली आणि तिथूनच तिनं स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, माझ्या वेळी तुला मनाचा काही त्रास झाला होता का गं?"

आत डिंक तळणं चालू होतं. बायकोनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. पदराला हात पुसत ती बाहेर आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "झाला होता."

वाचकहो, खरं सांगतो, तो कागद मला भरायला दिला असता तर मी डोळे मिटून "नाही" लिहिलं असतं. छत्तीस वर्षांचा आमचा संसार. मी चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यातल्या दोन बायकांच्या मनाविषयी आहेत असं समीक्षक म्हणतात. आणि माझ्याच घरातली ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

शनिवारची एस.टी.

१९९० साली मी लातूरच्या शाखेत होतो. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, नांदेडला. शनिवारी बँक अर्धा दिवस असे. दुपारची एस.टी. धरायची आणि अहमदपूर, लोहा करत दिवेलागणीला नांदेड गाठायचं. जुन्या नांदेडात नदीपासून फार लांब नाही अशा गल्लीत सासुरवाडी. मागच्या बाजूची अंधारी खोली बाळंतिणीची. बाजेखाली शेगडी, ओव्या-शेपाची धुरी, बाळाला कुंची, बाळंतिणीचे कान बांधलेले. मी दारातूनच विचारायचो, "बाळ कसंय?" ती म्हणायची, "बरंय." मग सासूबाई चहा आणायच्या आणि मी सासऱ्यांशी पाऊसपाण्याचं बोलत बसायचो. रविवारी संध्याकाळी परत लातूर.

मला आठवतं ते एवढंच. तिला जे आठवतं ते तिनं त्या दिवशी सांगितलं.

दोन दिवस कळा देऊन बाळंतपण झालं होतं. दूध पुरेसं येत नव्हतं आणि त्यावर येणारी-जाणारी प्रत्येक बाई बोलून जायची. पाचवीला माझी आई आली. "पहिली बेटी धनाची पेटी," असं म्हणाली खरी, पण म्हणताना तिचा चेहरा पडलेला होता, आणि बाळंतिणीच्या नजरेतून असलं काही सुटत नाही. "सगळे झोपले की मला वाटायचं, हे लेकरू दुसऱ्या कुणाचं तरी आहे आणि मला नुसतं सांभाळायला दिलंय," बायको म्हणाली. "ते रडलं की माझ्या पोटात खड्डा पडायचा. झोप येत नव्हती, लेकरू झोपलं तरी येत नव्हती. न्हाणीत अंगावर पाणी घेताना रडून घ्यायचे, म्हणजे कुणाला कळत नाही. एकदा आईला कळलं, तर म्हणाली, बाळंतिणीनं रडू नये माय, डोळे जातेत."

एकदा ती गच्चीच्या कठड्याशी बराच वेळ उभी राहिली होती. खालून आईनं हाक मारली म्हणून उतरली. हे सांगताना ती माझ्याकडे न बघता मुलीकडे बघत होती.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगणार? सगळं तर चांगलं होतं. लेकरू धडधाकट, नवऱ्याला नोकरी, आई हाताशी. मला रडू का यायलंय तेच मला कळत नव्हतं. आणि तुम्ही विचारायचात ते बाळाचं विचारायचात."

मग तिनं टेबलावरचं पेन उचललं आणि त्या रिकाम्या जागेत आपल्या हातानं लिहिलं : होय. आठ महिने.

तीन निराळ्या गोष्टी

त्यानंतर मी हा विषय वाचायला घेतला, डॉक्टर मित्रांना विचारलं. पहिली गोष्ट कळली ती अशी की, बाळंतपणानंतरच्या मनाच्या त्रासात तीन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो.

पहिली म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू. निम्म्याहून जास्त बायकांना ते येतं. गर्भारपणात चढलेली संप्रेरकं बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत झपाट्यानं उतरतात, अंग शिणलेलं असतं, झोप मोडलेली असते. हे रडू दहा-बारा दिवसांत आपोआप ओसरतं. त्याला औषध लागत नाही, माणूस जवळ लागतं.

दुसरी गोष्ट फार थोड्या बायकांना होते, हजारात एखाद-दुसरीला. पहिल्या दोन आठवड्यांतच बाई एकदम भलतंसलतं बोलू लागते, झोप पार उडते, नसलेले आवाज ऐकू येतात, बाळाविषयी विपरीत कल्पना मनात येतात. आपल्याकडे याला "बाहेरचं" म्हणतात आणि अंगारे-धुपारे सुरू होतात. हा तातडीचा आजार आहे. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उपचारांनी अशा बायका चांगल्या बऱ्या होतात.

या दोन्हींच्या मधे आहे ते बाळंतपणानंतरचं नैराश्य. ते गाजावाजा करत येत नाही. कधी दुसऱ्या आठवड्यात येतं, कधी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, आणि महिनोन्‌महिने मुक्काम करतं. कशात गोडी वाटत नाही, भूक जाते, सतत धास्ती वाटते, "मी आई व्हायच्या लायकीची नाही" असं मन घोकत राहतं. बाई घरातली सगळी कामं करत असते, म्हणून कुणाला शंका येत नाही. आमच्या मराठवाड्यात बाई तोंडानं "उदास" म्हणत नाही. ती म्हणते, "डोकं जड पडायलंय," "हातपाय गळाल्यासारखे झालेत," "मला काही सुधरंना." आपण तिला टॉनिक आणून देतो.

हे किती बायकांना होतं? भारतात झालेल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यांत वीस हजारांवर माता होत्या आणि प्रमाण निघालं सुमारे २२ टक्के. म्हणजे पाच बाळंतिणींत एक. तुमच्या गल्लीत, तुमच्या भावकीत, पाचांत एक.

म्हापशाच्या दवाखान्यात

आपल्या शेजारच्या गोव्यात या विषयावर झालेलं काम जगभर गाजलं. डॉ. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या गरोदर बायकांना शेवटच्या तीन महिन्यांत गाठलं. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी त्यांना भेटून विचारपूस केली. २००२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा-आठ आठवड्यांच्या भेटीत ५९ जणींना, म्हणजे २३ टक्के मातांना, नैराश्य असल्याचं दिसलं. त्यांतल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या.

पण मला थांबवलं ते पुढच्या आकड्यानं. नैराश्य आलेल्या या मातांपैकी ७८ टक्के जणी बाळंतपणाच्या आधीच, पोटुशी असतानाच, मनानं खचलेल्या आढळल्या होत्या. म्हणजे बहुतेकींच्या बाबतीत हा आजार आकाशातून पडत नाही. त्याच्या खुणा आधी दिसतात. बघणारं कुणी असलं तर दिसतात.

कुणाला जास्त धोका, तेही या अभ्यासानं सांगितलं. घरची ओढगस्त. नवऱ्याशी न पटणं, त्याची मारहाण. आणि बाळ मुलगी की मुलगा हा प्रश्न. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुलगी होणं हे एकटंच कारण म्हणून काम करत नव्हतं, तर मारहाण आणि उपासमार यांचा घाव किती खोल जाणार हेही बाळ मुलगा आहे की मुलगी यावर ठरत होतं. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या वेल्लोरजवळच्या खेड्यांतला अभ्यास आला. त्यातही गरिबी, मुलगा हवा असताना मुलगी होणं, सासूशी किंवा आईवडिलांशी बेबनाव, गरोदरपणातली एखादी दुर्घटना आणि बाळंतपणात हाताखाली कुणी नसणं ही कारणं निघाली. याशिवाय पूर्वी कधी नैराश्य आलेलं असणं, घराण्यात तो आजार असणं, आधीचं मूल गेलेलं असणं, बाळ अपुऱ्या दिवसांचं किंवा आजारी असणं, हे जगभरच्या अभ्यासांत येतं.

आईच्या मनाचं बाळाच्या अंगावर उमटतं, हेही गोव्याच्याच मंडळींनी २००३ साली दाखवलं. नैराश्यातल्या मातांची बाळं सहाव्या महिन्यात वजनाला आणि उंचीला मागे पडण्याचा संभव जास्त होता. म्हणून "आधी बाळाचं बघा, आईचं नंतर" हा हिशेबच चुकीचा आहे.

कर्जाचा अर्ज

"धोका" म्हटलं की घरातली माणसं बिथरतात. "म्हणजे आमच्यात दोष आहे म्हणता?" असं एका विहीणबाईंनी माझ्या डॉक्टर मित्राला विचारलं होतं. मला वाटतं, बँकेतल्या माणसाला याचं उत्तर देता येईल.

पीककर्जाचा अर्ज आला की आम्ही काय बघायचो? सात-बारा, विहिरीला पाणी किती महिने, जुनी थकबाकी, जोडधंदा काय, जामीनदार कोण. एवढ्यावरून कोणतं खातं अडचणीत येईल याचा बराचसा अंदाज यायचा. विहिरीला पाणी नाही म्हणून आम्ही शेतकऱ्याला नावं ठेवत नव्हतो. हप्ता त्या मानानं बांधायचो, मधूनच एखादी चक्कर टाकायचो. सगळ्या अडचणी असूनही कर्ज वेळेवर फेडणारे असत आणि सगळं आलबेल दिसत असताना बुडणारेही असत. धोक्याची खूण म्हणजे निकाल नव्हे. कुठे जास्त लक्ष ठेवायचं ते तिच्यावरून कळतं, एवढंच.

पाच हजारांच्या कर्जासाठी आम्ही माणसाला वीस प्रश्न विचारायचो. बाळंतिणीला घरातलं कुणी एकही विचारत नाही.

आणि हे शहाणपण मला बँकेतसुद्धा नेहमी सुचलं असं नाही. १९९५ सालची गोष्ट आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका शाखेत माझ्या हाताखाली एक तरुण कॅशियर होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यात तिचे आईवडील गेले, माहेरचं घर गेलं. दोन वर्षांनी तिचं बाळंतपण झालं. रजा संपवून ती कामावर आली आणि महिन्याभरात तीनदा तिची कॅश कमी पडली. नोटा मोजताना मधेच हात थांबायचा आणि ती समोर बघत राहायची. पहिल्या वेळी मी समज दिली. तिसऱ्या वेळी मेमो दिला. मेमोची भाषा मीच लिहिली होती, आणि ती उत्तम होती याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. चार महिन्यांनी तिनं राजीनामा दिला. शाखेतल्या शिपायानं मला नंतर सांगितलं, "साहेब, त्यांना बाळंतपणाला जायला जागाच नव्हती. सासरी एकट्यानंच सगळं केलं त्यांनी."

आज ती नोंद मी पुन्हा वाचतो तेव्हा सगळ्या खुणा ओळीनं दिसतात : जिवलगांचा मृत्यू, तुटलेलं माहेर, हाताखाली कुणी नाही, तान्हं मूल सोडून कामावर. तेव्हा मला फक्त कमी पडलेल्या नोटा दिसल्या. तिची माफी मागायची संधी मला मिळाली नाही.

दोन गावांच्या मधे

आपल्याकडची रीत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. सातव्या-आठव्या महिन्यात मुलीनं माहेरी यावं, सव्वा महिना तिनं बाजेवरून उतरू नये, आईनं तेल लावावं, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू करावेत, यामागे मोठं शहाणपण आहे. बाळंतिणीला विश्रांती आणि हक्काचं माणूस मिळावं ही त्यातली कल्पना. पण रीत पाळली की मन आपोआप सांभाळलं जातं असं नाही. माझी बायको माहेरीच होती, तिच्या आईच्या मायेत काही कमी नव्हतं. अंधारी खोली, बोलायला बंदी, रडायला बंदी आणि भेटायला येणाऱ्यांच्या नजरा बाळावर, असं असेल तर माहेरही अपुरं पडतं.

शिवाय आपल्या भागाच्या म्हणून काही खुणा आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात विशीतल्या तरुण बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि मराठवाड्यातल्या जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून जास्त आहे. ज्या वयात मुलीनं बारावीचा अभ्यास करायचा, त्या वयात ती बाळंतीण होते. त्याच पाहणीत राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. ऊसतोडीचा कोयता घेऊन जोडपी दिवाळीनंतर बाहेर पडतात, तेव्हा कित्येकींचे दिवस आणि बाळंतपणही फडावरच्या कोपीत जातात. कुणाचा नवरा पुण्याला कंपनीत, कुणाचा ट्रकवर. पाऊस दगा देतो तेव्हा घरात कर्जाचं बोलणं चालू असतं आणि बाळंतीण आतल्या खोलीत ते ऐकत असते.

आणखी एक गोष्ट मला एका आशाताईनं सांगितली. आशाताई बाळंतपणानंतर घरी येतात ते तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. २०१८ पासून टप्प्याटप्प्यानं तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी ठरवल्या गेल्या. पण आपली बाळंतीण असते माहेरच्या गावात. दीड-दोन महिन्यांनी, कुठे तीन-चार महिन्यांनी, तिला सासरी पोचवतात. माहेरच्या आशाताईच्या वहीतून ती उतरते आणि सासरच्या वहीत चढेपर्यंत मधे काही आठवडे जातात. नेमके तेच आठवडे अवघड असतात. आईची ऊब सुटलेली, रात्रीची जागरणं तशीच, आणि सासरी गेल्या दिवसापासून चूल. "माहेरी चांगली होती, इकडं आल्यावर नाटकं करायलीय," असं सासरचे म्हणतात ते याच दिवसांत.

अकरा वेळा वाजणारं दार

आपण बाळंतपण घराबाहेर काढून दवाखान्यात नेलं, हे या पंचवीस वर्षांतलं मोठं काम आहे. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ पर्यंत उतरले. देह वाचवायला आपण शिकलो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेनं १९९० च्या दशकात गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर तान्ह्या बाळांची काळजी घेतली आणि नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी करून दाखवले. आशाताईंच्या घरभेटी त्याच कामातून देशभर गेल्या. म्हणजे रचना आपल्याच मातीतली आणि तयार आहे. सहा आणि पाच मिळून अकरा वेळा त्या घराचं दार वाजतं. बाळाचं वजन होतं, ताप बघितला जातो, दुधाचं विचारलं जातं. त्यात आईच्या मनाची चौकशी तेवढी मिळवायची आहे.

ती कशी करायची याची साधी पद्धत आहे. १९८७ साली स्कॉटलंडमध्ये जॉन कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा प्रश्नांचा एक कागद तयार केला. एडिनबरो हे नाव त्याला चिकटलं. गेल्या सात दिवसांत हसू येतं का, उगाच धास्ती वाटते का, झोप लागते का, स्वतःला दोष देणं चालू असतं का, असं विचारत दहाव्या प्रश्नात जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला का इथपर्यंत तो येतो. पाच मिनिटांचं काम. गुण ठरावीक रेषेच्या वर गेले म्हणजे आजार ठरला असं नाही, डॉक्टरांनी नीट तपासावं एवढंच. दहाव्या प्रश्नाला "होय" आलं तर मात्र गुण कितीही असोत, थांबायचं नाही.

आणि नुसतं विचारून पुढे काय, असं म्हणू नका. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी आपल्या आशाताईंसारख्याच गावपातळीवरच्या आरोग्य सेविकांना बोलायचं कसं, ऐकायचं कसं, घरच्यांना बरोबर कसं घ्यायचं, हे शिकवलं. गरोदरपणातच नैराश्य असलेल्या मातांना त्यांनी भेटी दिल्या. २००८ साली निकाल आला. नेहमीच्या सेविकांच्या नुसत्या भेटी मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांनी ५३ टक्के जणी आजारी होत्या, आणि शिकवलेल्या सेविकांच्या भेटी मिळालेल्यांत २३ टक्के. गोव्यात पुढे शेजारपाजारच्या बायकांनाच हे शिकवून पाहिलं. २०१९ साली त्याचा निकाल आला. फायदा दिसला, पण रावळपिंडीइतका ठळक नव्हता. काम सोपं नाही हे खरं. पण होण्यासारखं आहे.

घरच्यांनी काय करावं? रात्रीची सलग चार-पाच तास झोप तिला मिळेल असं बघावं. एखाद्या वेळी बाळाला वरचं बघायला आजीनं, बापानं उठावं. दुधावरून आणि मुलगी झाली यावरून घरात येऊन बोलणाऱ्याला घरातल्या कर्त्या माणसानं तिथेच थांबवावं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस ती गप्प, चिडचिडी, रडवेली असेल तर "मन घट्ट कर" म्हणू नये, डॉक्टरांकडे न्यावं. रक्त आणि थायरॉईडही तपासून घ्यावं, कारण त्यांच्या कमतरतेतही असाच थकवा येतो. पुष्कळदा नुसत्या बोलण्याच्या उपचारानं भागतं. औषधं लागली तरी अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावीत आणि मनानं बंद करू नयेत. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा "टेली मानस"चा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

"वेड्यांच्या दवाखान्यात नेलं तर लेकरू तोडतील," ही भीतीही मी ऐकली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की, तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडायचं नाही. मूल तिच्याजवळ ठेवणं त्याला धोक्याचं आहे असं डॉक्टरांना वाटलं तरच काही दिवस वेगळं ठेवता येतं, आणि तेव्हाही देखरेखीखाली तिला मुलाला भेटता येतं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये तर २००९ पासून आई आणि बाळ दोघांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे.

पाहुणे

आमच्या मुलीला मुलगी झाली. चौथ्या दिवशी ती रडू लागली तेव्हा एक नातलग बाई म्हणाल्या, "रडू नको गं." बायकोनं त्यांना सांगितलं, "रडू द्या. मी बसलेय इथं."

बारा दिवसांनी रडू ओसरलं. पण सहाव्या आठवड्यात तो दहा प्रश्नांचा कागद भरला तेव्हा गुण रेषेच्या वर गेले. तिच्या आईनं लिहिलेल्या त्या दोन शब्दांमुळे आम्ही तयार होतो. दुसऱ्याच दिवशी इथल्या मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. दर आठवड्याला एक, अशा काही भेटी झाल्या. जावयानं महिनाभराची रजा काढली आणि रात्रीचं एक जागरण स्वतःकडे घेतलं. मी पहाटे नातीला घेऊन अंगणात फेऱ्या घालत असे. तीन महिन्यांत मुलगी सावरली. सासरी जायची घाई कुणी केली नाही. तिच्या सासूबाईच इथे येऊन आठ दिवस राहिल्या.

हा लेख लिहायला मी बायकोची आणि मुलीची परवानगी घेतली. मुलगी लगेच हो म्हणाली. बायकोनं दोन दिवस घेतले. मग म्हणाली, "लिहा. पण तुम्ही बाळाचंच विचारायचात, तेही लिहा."

त्या दिवसांत बाळ बघायला खूप माणसं आली. झबली, टोपडी, चांदीचे वाळे घेऊन यायची आणि सरळ पाळण्याकडे वळायची. बायको प्रत्येकाला दारातच पाणी द्यायची आणि म्हणायची, "लेकरू झोपलंय. आधी आत जाऊन तिच्याशी बोला."